ओल पूर्ववत करून द्यावी

नळ गळायचा थांबला, ही परवानगीबाईंच्या लेखी वाईट बातमी असे. आमच्यापैकी कुणी ऑफिसात येऊन मोठ्या उत्साहाने सांगावं, "बाई, धायरीचा तो नळ बदलून टाकला एकदाचा," आणि बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून विचारावं, "कुणाला विचारून?" सांगणाऱ्याचा उत्साह तिथेच मावळे. नळ थेंबभरही गळत नाही, भाडेकरू खूश आहे, प्लंबरनेही काम चोख केलंय, हे सगळं त्याने सांगून व्हायचं आणि बाईंनी तितक्याच थंडपणे म्हणायचं, "ते ऐकलं. कुणाला विचारून?"

आमची कंपनी लोकांचे फ्लॅट सांभाळायची. मालक अमेरिकेत, बंगळुरात किंवा नुसताच पेठेत. फ्लॅट धायरीत नाहीतर खराडीत. आत भाडेकरू आणि मध्ये आम्ही, किल्ल्यांचे जुडगे घेऊन हिंडणारे. आम्हाला मॅनेजर म्हणत. म्हणायला काय जातंय! काही मोडलं की भाडेकरूने आम्हाला सांगायचं, आम्ही मालकाला विचारायचं, त्याने हो म्हटलं की माणूस पाठवायचा, असा करार होता. प्रत्यक्षात आम्ही माणूस पाठवून मोकळे होत असू आणि मालकाला दोन महिन्यांनी जाग येई. मग जी काही भांडणं जुंपत ती मिटवायला साहेबांनी बाईंना ठेवलं होतं. बाईंची उभी नोकरी एका सरकारी कचेरीत परवानगीचे अर्ज तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, भजनाला जातात. बाई कात्रजहून दोन बस बदलून खराडीच्या आमच्या काचेच्या ऑफिसात येत आणि भर मे महिन्यात स्वेटर घालून बसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "हा एसी मला न विचारता लावलेला आहे."

बाईंचा पहिला नियम, काढलेला माल दाखवायचा. नवा नळ कसला दाखवता, तो दुकानातही दिसतो, जुना आणा. त्यामुळे बाईंच्या टेबलाखाली एक गोणपाट कायम असे आणि त्यात चिठ्ठ्या बांधलेले नळ, फ्लशची झाकणं, जळके स्विच, गीझरच्या कॉइल असा संसार साठलेला असे. ऑफिस बघायला येणाऱ्या बड्या पाहुण्यांना साहेब त्या टेबलापासून लांबून न्यायचे. पण खोटेपणा पकडायला ते गोणपाट फार कामाचं होतं. एका मालकाने फोनवर आरडाओरडा केला होता, की नळ अगदी कोरा होता, परवाच बसवला होता. बाईंनी त्याला बोलावून तो नळ त्याच्या हातात ठेवला. आतून शेवाळ निघालं. बाई म्हणाल्या, "परवा म्हणजे कुठला परवा? आपली मुंज झाली तो?" त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाने जळाली म्हणून काढलेली गीझरची कॉइल ठणठणीत निघाली, तेव्हा त्याचाही असाच उद्धार झाला. दोन्ही पक्षांना सारखंच तुच्छ लेखायचं, एवढीच त्यांची निःपक्षपाताची व्याख्या होती.

दुसरा नियम, भांडण जागेवर बसून मिटवायचं. "मोरीचं भांडण काचेच्या खोलीत बसून मिटत नाही," असं त्या म्हणत आणि मालकाला, मॅनेजरला घेऊन थेट त्या मोरीत जात. बादली उपडी घालून स्वतः बसत, दुसऱ्याला पाट देत. मी एकदा एका बड्या कंपनीतला अधिकारी टाय लावून संडासाच्या उंबऱ्यावर टेकलेला पाहिला आहे. ऑफिसात तासभर गरजणारी माणसं तिथे दहा मिनिटांत नरम येत. वासाने असेल, बाईंच्या नजरेने असेल.

मालकांविषयी त्यांचं मत एका ओळीचं होतं. "यांना घर नको असतं, मालकी हवी असते." यावर आम्ही मॅनेजर लोक खुशीत हसलो की लगेच पुढची ओळ येई. "आणि तुम्हाला घर कळत नाही, किल्ली कळते." आम्ही पाठीमागे त्यांना परवानगीबाई म्हणत असू. ते त्यांना ठाऊक होतं. हे नाव तरी विचारून ठेवायचं होतं, एवढंच त्या एकदा म्हणाल्या.

निकाल त्या हाताने लिहीत, एका कागदावर, दोन भागांत. वर 'चूक', खाली 'गरज'. चूक कुणाची ते वर, आणि काम गरजेचं होतं का ते खाली. या दोहोंची त्या कधी गल्लत होऊ देत नसत. काम कितीही गरजेचं असो, न विचारता केलं असेल तर वर मॅनेजरचं नाव येणारच. मला याचा भयंकर राग यायचा. मी म्हणायचे, "बाई, पाणी वाहत असताना परवानगीची वाट बघत बसायचं का?" त्या म्हणत, "बसू नका. पाणी थांबवा आणि चूक कबूल करा. दोन्ही एकाच माणसाला जमतं. जमत नाही असं तुम्हाला उगीच वाटतं."

मी त्यांची लाडकी वगैरे मुळीच नव्हते. "कदम, तुमचं काम चांगलं आहे आणि सवयी वाईट आहेत," हे त्यांचं माझ्याबद्दलचं सगळ्यात गोड वाक्य.

तर धायरीच्या एका फ्लॅटचं प्रकरण माझ्यावर शेकलं. फ्लॅटचे मालक आपटे, राहायला पेठेत, निवृत्त, आणि तब्येतीने ठणठणीत. आमच्याकडे त्यांचे एकूण चार फ्लॅट होते, शिवाय त्यांच्या ओळखीतल्यांचे वेगळे. धायरीच्या फ्लॅटमध्ये यवतमाळकडचं एक तरुण जोडपं राहत होतं, पदरात दीड वर्षाची मुलगी. आतल्या खोलीच्या छताला वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून ओल येत होती. ही ओल काही नवी नव्हती. अकरा वर्षं येत होती, आणि आपट्यांनी ती अकरा वर्षं जपली होती.

जपली होती हे अक्षरशः खरं आहे. वरच्या मजल्यावरच्यांशी त्यांचं या ओलीवरून सोसायटीत भांडण चालू होतं, आणि ओल हा त्यांचा पुरावा होता. दर वर्षी गणपती उठले की हा गृहस्थ टेप घेऊन यायचा, शिडीवर चढायचा, ओल कुठवर पसरली ते मोजायचा आणि तिच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख टाकून खाली सही करायचा. भाडेकरू बदलत गेले, ओल तीच राहिली. छताकडे पाहिलं की एकात एक अशा अकरा रेघा दिसायच्या. लोक दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मांडतात, यांनी बुरशीची मांडली होती.

मुलीला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, घरात ओल आहे का? तिची आई मला फोनवर म्हणाली, "मॅडम, पोरीले दिवसातून तीनदा वाफ द्या लागते जी. दुसरं घर पायतो म्हटलं तर करार मोडता येत नाही म्हणतात. काय करू सांगा." मी आपट्यांना विचारलं. एकदा नाही, चार वेळा विचारलं. चारही वेळा एकच उत्तर आलं, "प्रकरण सोसायटीपुढे आहे. ओलीला हात लावायचा नाही." चौथ्या वेळी मी मुलीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग बाहेरच्या खोलीत झोपवा."

पाचव्या वेळी मी विचारलंच नाही. सरळ वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. मला वाटलं होतं, अकरा वर्षांचे वैरी म्हणजे दार उघडताच अंगावर येतील. एका वयस्कर बाईंनी दार उघडलं. माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, अकरा वर्षांत नोटिसा पुष्कळ आल्या. विचारायला तुम्ही पहिल्याच आलात. कधी पाठवताय माणूस?" दोन दिवसांत त्यांच्या बाथरूमच्या फरश्यांचे सांधे भरून झाले. खालचं छत वाळू दिलं, मग सगळा पोपडा खरवडून गिलावा केला, रंग दिला. ओलीबरोबर अकरा रेघा, अकरा तारखा आणि अकरा सह्याही गेल्या. खरं सांगते, त्या खरवडताना मला फार बरं वाटलं.

गणपती उठल्यावर आपटे टेप घेऊन आले. मग काय विचारता! त्यांचा फोन आला तेव्हा मी काम कसं केलं ते सांगत होते आणि ते ओरडत होते, "माझ्या तारखा कुठायत?" घर कोरडं झालं हे त्यांच्या कानात शिरतच नव्हतं. त्यांनी साहेबांना कळवलं, की या बाईला कामावरून काढा, नाहीतर मी चारही फ्लॅट काढून घेतो. माझ्या घरात मी एकटी मिळवती होते.

बाईंनी नियमाप्रमाणे बैठक जागेवर लावली. त्या आतल्या खोलीत, त्या छताखाली, आम्ही चौघं बसलो. आपटे, बाई, मी आणि मुलीला मांडीवर घेऊन तिची आई. नवरा खराडीला कामावर गेला होता.

बाईंनी आधी मला घेतलं. "मालकाने नकार दिला होता?"

"हो."

"किती वेळा?"

"चार वेळा."

"तरी केलंत. चूक तुमची." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी ते कागदावर लिहिलं. आपट्यांचा चेहरा खुलला. माझी खात्री पटली, आपली नोकरी गेली. त्या क्षणी मला बाईंचा जेवढा तिटकारा आला तेवढा आपट्यांचाही कधी आला नव्हता.

मग खाली 'गरज' लिहून त्या आपट्यांकडे वळल्या. "आपलं म्हणणं काय?"

"करारात स्वच्छ लिहिलंय," आपटे म्हणाले. "विनापरवानगी केलेलं काम कंपनीने स्वखर्चाने पूर्ववत करून द्यायचं. मला पूर्ववत हवंय."

"आहे खरं. ते कलम मीच घालायला लावलं. आपल्याला जे पूर्ववत हवंय ते लिहून द्या."

आपट्यांनी खिशातून पेन काढलं. बाई म्हणाल्या, "मी सांगतेय म्हणून लिहू नका. नको असेल तर राहू द्या." ते म्हणाले, लिहितो की, घाबरतो काय. बाई पुन्हा म्हणाल्या, "विचार करा. घरी जाऊन लिहिलंत तरी चालेल." त्यांनी हात झटकला. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "आपट्यांनी स्वखुशीने लिहिलं असं मी खाली नोंदवीन. चालेल ना?" ते म्हणाले, "खुशाल!" आणि सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं, की सदर खोलीच्या छतास पूर्वी होती तशी ओल पूर्ववत करून द्यावी. खाली सही, तारीख. सवयच होती.

बाईंनी तो कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला. मुलीच्या आईने मान वर करून छताकडे पाहिलं. ती म्हणाली, "म्हंजे पुन्हा गळवणार काजी?"

मुलगी मांडीवरून उतरून आपट्यांच्या चपलेकडे दुडदुडत निघाली होती. आपटे म्हणाले, "तसं नव्हे हो. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असेल," बाई म्हणाल्या. "तत्त्वाला दमा होत नाही."

आपट्यांनी कागद परत मागितला. बाईंनी दिला नाही. म्हणाल्या, "आता तो फायलीत गेला. पूर्ववत करायला माणूस कधी पाठवू तेवढं कळवा. वरच्या बाईंकडे आपण स्वतः जाऊन परवानगी मागायची, पाणी त्यांचं आहे." आपटे उठले आणि टेप तिथेच विसरून गेले. मला हसू आवरेना. बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला काय झालं हसायला? वर तुमचंच नाव आहे."

रिक्षात मी धीर करून विचारलं, माझी नोकरी जाणार का? बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "मी चूक लिहिलीये. काढून टाका असं कुठे लिहिलंय? मॅनेजरच्या चुकीला ताकीद द्यायची असते. तीही लिहिलीये." मग बाहेर बघत म्हणाल्या, "काम केलंत ते बरं केलंत. पुन्हा करू नका." हे एका दमात कसं म्हणता येतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आपट्यांसारख्या माणसाला हरणं चालतं, हसं होणं चालत नाही. त्यांनी साहेबांना सांगितलं, की तुमच्या त्या म्हातारीने मला दमात घेऊन, शब्द सांगून तो कागद लिहून घेतला. साहेबांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं, दार लावलं, पाणी दिलं. आमचे साहेब पाणी देत तेव्हा समजायचं, की दुसऱ्या कुणाचा तरी घसा कोरडा पडणार आहे.

"कदम मॅडम, सी, आपट्यांना कुणीतरी गेलेलं दिसायला हवं," ते म्हणाले. "तुम्ही यंग आहात, काम चांगलं आहे. बाईंचं आता वय झालं. त्या दिवशी तिथे तुम्ही होतात. बाईंनीच सांगून लिहून घेतलं ना?"

आणखी एक साक्षीदार होती, पण भाडेकरूला कोण विचारतो! राहिले मी. बाईंनी तीनदा बजावलं होतं, तिन्ही वाक्यं माझ्या कानात होती. एवढंच सांगायचं होतं. कदाचित त्यानंतर मला घरी बसावं लागलं असतं, कदाचित नसतंही. मी तेवढं पाहायला थांबलेच नाही. मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही, सर."

साहेबांना तेवढं पुरलं. आठवड्याने बाईंना निरोपाचा पुष्पगुच्छ देण्यात आला. साहेबांनी भाषणात त्यांना कंपनीचा आधारवड म्हटलं. ज्याला तोडायचं त्याला आधी वड म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत. बाईंनी गुच्छ टेबलावरच ठेवला, डबा पिशवीत घातला, स्वेटर काढून हातावर घेतला आणि गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही असेल. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसले होते.

मला पंधरा दिवस लागले त्यांच्या घरी जायला. कात्रजला दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, संध्याकाळची वेळ. बाई गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मी मेथी निवडता निवडता सगळं सांगितलं, रडलेही. म्हणाले, "बाई, मी खोटं बोलले."

"खोटं कुठे बोललात?" बाई म्हणाल्या. "आठवत नाही म्हणालात. खोटं बोलायला हिंमत लागते."

त्या हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत. काड्या एका बाजूला करत त्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? मी सांगितलं, वाफ बंद झाली, पळते आता घरभर. आपटे? पुन्हा फिरकले नाहीत. त्यांचा कागद साहेबांनी त्यांना परत दिला. बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "माझ्या जागेवर साहेब तुम्हालाच बसवतील. नाही म्हणू नका."

"मला नको ती जागा. कुठल्या तोंडाने बसू मी तिथे?"

"याच तोंडाने. दुसरा कुणी बसला तर तो निर्लज्ज असेल. तुम्हाला निदान लाज वाटतेय. या कामाला ती लागते, मला ती कमी पडायची." आणि निवडलेली मेथी उचलून त्या आत गेल्या. मी निघाले तेव्हा त्यांनी जिन्यापर्यंत येऊन दिवा लावला, पण मला क्षमा केली असं काही त्या म्हणाल्या नाहीत. पुढेही कधी म्हणाल्या नाहीत. दोन वर्षांनी त्या गेल्या, ते मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

साहेबांनी ती जागा मला दिली. बढतीचं पत्र छापील होतं आणि त्यात माझी निष्ठा, अनुभव असं बरंच काही होतं. खरं कारण त्यात नव्हतं. ते मला अगदी नीट आठवतं.